बंटचा इशारा दिला, पण बॅटरने बॅट फिरवली: थर्ड बेस कोचसाठी समस्या निवारण

मुलांच्या बेसबॉल सामन्याची सहावी, म्हणजे शेवटची इनिंग (डाव). एकही आऊट नाही, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आपले रनर (बेसवर पोचलेले धावपटू) आहेत आणि आपण एका धावेने मागे आहोत. थर्ड बेसजवळ उभा असलेला कोच टोपी, छाती, मनगट असा हात फिरवून बॅटरला बंट करायला सांगतो. बॅटर मान डोलावतो, बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्यासाठी आखलेल्या चौकोनात, उभा राहतो आणि पहिल्याच फेकीवर पूर्ण ताकदीने बॅट फिरवतो. चेंडू थेट शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) जातो, डबल प्ले होतो, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद होतात, आणि डगआऊटमध्ये (संघाच्या बसण्याच्या जागेत) परतणाऱ्या मुलाला कळतच नाही की सगळे आपल्याकडे असे का पाहत आहेत.

न्यू जर्सीमध्ये 10 ते 12 वर्षांच्या मुलामुलींच्या संघासाठी मी आठ हंगाम थर्ड बेस कोच म्हणून उभी राहिले आहे आणि दर हंगामाच्या सुरुवातीला हाच दोष नव्याने दुरुस्त केला आहे. त्याआधी जळगावला महाविद्यालयात सॉफ्टबॉल खेळत असताना मी इशारा घेणाऱ्याच्या बाजूला होते. दोन्ही बाजू पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की चुकलेल्या इशाऱ्याचे कारण बहुतेक वेळा मुलाच्या विसराळूपणात नसते. इशारा कसा दिला गेला आणि तो पोचल्याची खात्री कोणी केली की नाही, यात ते असते. म्हणून मुलाला काही बोलण्याआधी पुढच्या तपासण्या दिलेल्या क्रमाने कराव्यात. पहिल्या काहींना पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही.

क्रिकेटमधून या खेळाकडे आलेल्या पालकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. बंट म्हणजे बॅट न फिरवता आडवी धरून चेंडू इनफिल्डमध्ये (बेसच्या आतल्या भागात) अगदी हळू पाडणे. यात बॅटर स्वतः बहुधा बाद होतो, पण रनर एक बेस पुढे सरकतो, म्हणून त्याला सॅक्रिफाइस बंट म्हणतात. क्रिकेटमध्ये दोन फलंदाज खेळपट्टीच्या मध्यावर भेटून बोलून घेतात. बेसबॉलमध्ये बॅटर आणि रनर यांना तशी सोय नसते, त्यामुळे दोघांनाही एकाच वेळी, प्रतिस्पर्ध्यांच्या देखत, हाताच्या खुणांनी सांगावे लागते. या खुणांच्या मालिकेतल्या बहुतेक खुणा नुसत्या भरतीच्या असतात. 'इंडिकेटर' म्हणून ठरवलेल्या जागेला, समजा पट्ट्याला, हात लागला की त्यानंतरची पहिली खूण खरी मानायची असते. मालिकेच्या शेवटी छातीवरून हात पुसल्यासारखा फिरवला तर आधीचे सगळे रद्द होते.

लक्षणे

दोष एकच दिसत असला तरी त्याची रूपे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक रूप वेगळ्या कारणाकडे बोट दाखवते. आपल्या संघात यांपैकी नेमके काय घडते आहे ते आधी ओळखावे.

- बंटचा इशारा असताना बॅटर पूर्ण बॅट फिरवतो, किंवा इशारा नसतानाच बंट करतो.
- बॅटर कोचकडे दोनदा-तीनदा पाहतो, गोंधळलेला दिसतो आणि तरीही बॉक्समध्ये जाऊन उभा राहतो.
- पहिल्या फेकीला सगळे बरोबर होते, पण बंट फाऊल (रेषेबाहेर) गेल्यानंतर पुढच्या फेकीला घोटाळा होतो.
- बॅटरला कळलेले असते, रनरला कळलेले नसते. चेंडू जमिनीवर पडतो आणि दुसऱ्या बेसवरचा रनर जागच्या जागी उभा असतो.
- फेक सुटण्याच्या आधीच विरोधी संघाचा थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) पुढे धावत येतो.
- एकाच मुलाकडून वारंवार चुकते आणि बाकीच्यांकडून चुकत नाही. हे लक्षण सगळ्यांत महत्त्वाचे आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी वही

तपासणी सुरू करण्याआधी दोन सामन्यांत साधी नोंद ठेवावी. डगआऊटमधल्या एखाद्या पालकाला वही द्यावी आणि प्रत्येक बंटच्या इशाऱ्यापुढे तीनच गोष्टी लिहायला सांगाव्यात: मालिका सुरू झाली तेव्हा बॅटर पाहत होता का, शेवटपर्यंत पाहत होता का, आणि त्याने पुढे काय केले. आठवणीवर विसंबून चालत नाही, कारण हरलेल्या सामन्यातली एक चूक मनात मोठी होऊन बसते आणि जिंकलेल्या सामन्यातल्या चार चुका आपण विसरून जातो. या नोंदीमुळे आणखी एक गैरसमज टळतो. इशारा नीट पोचलेला असतो, मुलाने बंटचा प्रयत्नही केलेला असतो, पण चेंडू हुकलेला असतो. तो सरावाचा प्रश्न आहे, इशाऱ्याचा नव्हे, आणि त्याचे उत्तर या लेखात सापडणार नाही.

पहिली तपासणी: मूल पाहत होते का?

सर्वाधिक वेळा दोष येथेच सापडतो. कोच घाईत असतो. बॅटर अजून बॉक्समधून बाहेर पडून मागे वळतो आहे, तेवढ्यात मालिकेच्या पहिल्या दोन खुणा होऊनही जातात आणि त्यातच इंडिकेटर निघून जातो. उरलेली मालिका मुलाने कितीही लक्ष देऊन पाहिली तरी तिला अर्थ नसतो. उपाय असा, की बॅटरचे डोळे आपल्या चेहऱ्यावर स्थिरावेपर्यंत हात खाली ठेवावेत आणि मनात एक आकडा मोजून मगच सुरुवात करावी.

याची दुसरी बाजू शेवटाला असते. खरी खूण दिसली की मूल लगेच नजर वळवते, कारण त्याच्या दृष्टीने काम झालेले असते. पण त्यानंतर रद्द करणारी खूण आली तर ती त्याला दिसत नाही. शिवाय नेमक्या कोणत्या खुणेनंतर मान वळली हे समोरच्या डगआऊटमधला चाणाक्ष कोच सहज टिपतो. म्हणून मालिकेचा शेवट ठरलेला असावा. मी एकदा टाळी वाजवते, आणि टाळी होईपर्यंत नजर हलवायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. बंटचा इशारा कोणता हे आम्ही त्यानंतर शिकवतो.

उजव्या आणि डाव्या बॅटरमधला फरकही येथेच लक्षात घ्यावा. डावखुरा बॅटर उभा राहतो तेव्हा थर्ड बेस त्याच्या समोरच असतो. उजव्या बॅटरची मात्र थर्ड बेसच्या बाजूला पाठ असते आणि त्याला डाव्या खांद्यावरून वळून पाहावे लागते. लहान मुलांच्या लीगमध्ये, काही अपवाद सोडले तर, दोन फेकींच्या मधेही बॅटरने एक पाय बॉक्समध्ये ठेवायचा असतो. त्यामुळे उजवे मूल अर्धवट वळते, मान आखडून पाहते आणि पटकन पुन्हा सरळ होते. त्याला उजवा, म्हणजे मागचा, पाय बॉक्समध्ये ठेवून डावा पाय बाहेर काढायला आणि सगळे शरीर कोचकडे फिरवायला शिकवावे. पाच मिनिटांच्या सरावात हे जमते.

दुसरी तपासणी: कोच दिसतो का?

आमचे एक मैदान शाळेच्या इमारतीमागे आहे. जागा मिळेल तसे ते आखले गेले असावे, कारण तेथे होम प्लेटवरून, म्हणजे बॅटरच्या जागेवरून, पाहिले तर थर्ड बेस बरोबर पश्चिमेला येतो. त्या मैदानावर संध्याकाळच्या सामन्यांतच इशारे चुकतात, दुपारच्या सामन्यांत चुकत नाहीत, हे वहीतल्या नोंदींवरून लक्षात आले. मग एका संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सहकाऱ्याला माझ्या जागी उभे करून मी बॅटरच्या बॉक्समध्ये गेले. सूर्य त्याच्या खांद्याच्या थोडा वर होता आणि तो मला नुसता काळ्या आकृतीसारखा दिसत होता. त्याचा हात शरीराबाहेर असेपर्यंत कळत होता. छातीजवळ आला की शरीराच्या काळेपणात मिसळून जात होता. बंटची आमची खूण तेव्हा मनगटावर मनगट अशी, छातीसमोरच होती.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. त्या मैदानावर आम्ही खऱ्या खुणा फक्त टोपी, कान आणि कोपर अशा जागांवर ठेवतो, कारण तेथे हात गेला की आकृतीची बाह्यरेषाच बदलते. आणि मी गडद जाकीट घालून उभी राहत नाही. गडद बाह्यांचा हात गडद छातीवर फिरला तर भर दुपारीही तो नीट दिसत नाही. साध्या फिकट शर्टाने हा दोष जातो. प्रत्येक कोचने हंगामाच्या सुरुवातीला एकदा तरी बॅटरच्या जागी उभे राहून स्वतःची खूण दुसऱ्याकडून करवून पाहावी. लहान मुलांच्या मैदानावर दोन बेसमधले अंतर 60 फूट असते आणि मोठ्यांच्या मैदानावर 90 फूट. एवढ्या अंतरावरून नाकाला लावलेले बोट आणि हनुवटीला लावलेले बोट यांत फरक कळेलच असे नाही. शेजारशेजारच्या दोन जागांवर दोन वेगवेगळे अर्थ ठेवू नयेत.

तिसरी तपासणी: पोच मिळाली का?

माझ्या मते हीच तपासणी सगळ्यांत मोलाची आहे आणि बहुतेक संघांत तीच गाळलेली असते. इशारा दिला म्हणजे काम झाले असे कोच समजतो. खरे तर बॅटरकडून उलट खूण येईपर्यंत इशारा दिलाच गेलेला नाही असे धरावे. आमच्याकडे बॅटर हेल्मेटच्या कडेला दोन बोटे लावतो आणि रनर पट्ट्याला हात लावतो. मान डोलावणे ही पोच मानू नये. कोच आपल्याकडे पाहतो आहे म्हणून मुले मान डोलावतातच. समजले नसले तरी डोलावतात, आणि न समजल्याचे सांगायची लाज वाटते म्हणून तर अधिकच डोलावतात.

यात एक सावधगिरी हवी. फक्त बंटच्या वेळी उलट खूण दिली तर तीच विरोधी संघासाठी बातमी ठरते. म्हणून प्रत्येक मालिकेनंतर, मालिका पूर्णपणे भरतीची असली तरी, पोच द्यायची. आणि समजले नाही तर काय करायचे तेही आधीच ठरलेले असावे: अंपायरकडे वेळ मागायचा, किंवा कोचकडे पाहत हाताने गोल फिरवल्याची खूण करायची, म्हणजे 'पुन्हा दाखवा'. ही खूण करणाऱ्या मुलाला मी प्रत्येक वेळी, सगळ्यांसमोर, शाबासकी देते. सरावात हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण विचारणे म्हणजे चूक कबूल करणे अशी मुलांची समजूत घरून आणि शाळेतून तयार होऊन आलेली असते.

तेरा वर्षांपुढच्या खेळाडूंमध्ये पोच ही सुरक्षेचीही बाब आहे. सुइसाइड स्क्वीझ या डावपेचात पिचर (चेंडू फेकणारा) फेकू लागताच तिसऱ्या बेसवरचा रनर होमकडे धावत सुटतो आणि बॅटरने काहीही करून चेंडूला बॅट लावायची असते. बॅटरला इशारा कळलाच नसेल आणि त्याने पूर्ण बॅट फिरवली, तर समोरून धावत येणारे मूल थेट त्या चेंडूच्या किंवा बॅटच्या वाटेत सापडते. बॅटर आणि रनर दोघांची पोच आल्याशिवाय हा डाव चालू झाला असे कोणीही समजायचे नाही, हे दोघांकडून पाठ करून घ्यावे. बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल संघटनेत) चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे तेथे हा धोका बराच कमी असतो.

चौथी तपासणी: इशारा किती फेकींसाठी?

बंट फाऊल गेला. आता पुढच्या फेकीला बंट करायचा की नाही? कोचच्या मनात उत्तर स्पष्ट असते, पण संघाला ते सांगितलेले नसते. अर्धी मुले समजतात की जुना इशारा अजून चालू आहे, आणि उरलेली समजतात की तो संपला. आमचा नियम असा आहे: एक इशारा, एक फेक. पुढच्या फेकीला पुन्हा इशारा मिळाला नाही तर नेहमीसारखे खेळायचे. यासोबत दोन स्ट्राइकचा नियमही शिकवावा (स्ट्राइक म्हणजे बॅटरच्या विरोधात मोजली जाणारी फेक; अशा तीन झाल्या की तो बाद). दोन स्ट्राइक झाल्यावर बंट फाऊल गेला तर बॅटर बाद होतो, म्हणून आमच्याकडे दोन स्ट्राइकनंतर बंट आपोआप रद्द असतो. अपवाद करायचा असेल तर मी वेळ मागून मुलाला जवळ बोलावून तोंडी सांगते.

बंटचे दोन प्रकार एकाच खुणेखाली आले असतील तर तेही येथेच सापडते. सॅक्रिफाइस बंटमध्ये फक्त चांगल्या, म्हणजे स्ट्राइक असलेल्या, चेंडूवरच बंट करायचा असतो आणि बाहेरच्या चेंडूवर बॅट मागे घ्यायची असते. स्क्वीझमध्ये चेंडू कोठेही आला तरी बॅट लावायचीच असते. मूल डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूवर बंट करते आहे असे दिसले, तर त्याने कदाचित इशारा बरोबरच वाचला असेल. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलेले असेल.

पाचवी तपासणी: खुणा किती आहेत?

दहा वर्षांच्या मुलाला बंट, स्टील (रनरने बेस चोरणे), हिट-अँड-रन (रनरने धावायचे आणि बॅटरने मारायचे), टेक (चेंडू सोडून देणे), रद्द आणि इंडिकेटर एवढे सगळे पहिल्याच आठवड्यात शिकवू नये. मी हंगामाची सुरुवात तीनच गोष्टींनी करते: इंडिकेटर, बंट आणि रद्द. बाकीच्या खुणा त्या तिन्ही बिनचूक येऊ लागल्यावर. परीक्षा घेण्याची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे सरावानंतरची पाण्याची सुट्टी. सगळे बसलेले असतात, मी समोर उभी राहून दहा मालिका करते आणि प्रत्येक मालिकेनंतर मुलांनी डोळे मिटून हात वर किंवा खाली करायचा: बंट असेल तर वर, नसेल तर खाली. डोळे मिटल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देता येत नाही आणि नेमके कोण चुकते ते मला दिसते, पण इतरांना दिसत नाही.

मराठी मुले संघात असतील तर एक मोह होतो, तो टाळावा असे माझे मत आहे. एका हंगामात आमच्याकडे तीन मराठी घरांतली मुले होती. घरी ती मला काकू म्हणतात आणि मैदानावर कोच. त्यांना 'टेकव रे' असे ओरडून सांगितले की हातवाऱ्यांची गरजच उरत नसे. पण त्यामुळे उरलेल्या नऊ मुलांना आपण बाहेरचे असल्यासारखे वाटते. शिवाय मध्य न्यू जर्सीत विरोधी संघाच्या बाकांवर मराठी आजी-आजोबा बसलेले असण्याची शक्यता चांगलीच असते. तोंडी संकेत वापरायचाच असेल तर तो सगळ्या संघाला कळेल असा असावा. उदाहरणार्थ, एरवी पहिल्या नावाने हाक मारायची आणि आडनावाने हाक मारली की बंट, ही जुनी आणि साधी पद्धत अजूनही चालते.

सहावी तपासणी: कोचच्या हातांचे चित्रण

येथपर्यंत दोष सापडला नसेल तर कोणाला तरी कोचचे मोबाइलवर एक पूर्ण इनिंग चित्रण करायला सांगावे, बॅटरचे नव्हे. माझे असे चित्रण मी चौथ्या हंगामात पाहिले. त्या वर्षी आमचा इंडिकेटर टोपीची कड हा होता. प्रत्येक मालिकेच्या शेवटी, टाळीच्या आधी, मी नकळत टोपी सरळ करत होते. म्हणजे इंडिकेटर दोनदा येत होता आणि नियम शब्दशः पाळणाऱ्या मुलीने दुसऱ्या इंडिकेटरनंतर काहीच न आल्यामुळे बंट केला नव्हता. तिचेच बरोबर होते. पुढच्या सरावाला मी संघासमोर तिची क्षमा मागितली आणि इंडिकेटर पट्ट्यावर हलवला.

घाम पुसणे, चष्मा वर सरकवणे, शर्ट झटकणे या सवयी थांबवता येत नाहीत. म्हणून ज्या जागी आपला हात सहज जातो ती जागा इंडिकेटरसाठी आणि रद्द करण्यासाठी कधीही निवडू नये.

एका कोचच्या जागी दुसरा उभा राहतो तेव्हाही असेच होते. दोघांची गती वेगळी असते, दोघांची छातीवरून हात फिरवण्याची लकब वेगळी असते. बदली कोचने सामन्याआधी संघासमोर पाच मालिका करून दाखवाव्यात. आणि निर्णय डगआऊटमधला मुख्य कोच घेत असेल, तर साखळीतला तो पहिला दुवाही तपासावा. थर्ड बेस कोचने त्याचीच खूण चुकीची वाचली असेल तर पुढे मुलाकडून बरोबर काही होण्याची आशा नाही.

सातवी तपासणी: इशारा फुटला आहे का?

ही शंका कोचच्या मनात सगळ्यांत आधी येते, पण मी ती मुद्दाम उशिरा ठेवली आहे, कारण बहुतेक वेळा तसे झालेले नसते. खात्री करण्याची रीत सोपी आहे. इंडिकेटर आणि बंटची खूण स्पष्ट द्यावी आणि शेवटी रद्द करावी. विरोधी थर्ड बेसमन तरीही पुढे सरकला तर त्यांनी खूण वाचलेली आहे, आणि मग फक्त इंडिकेटर बदलावा, संपूर्ण संच बदलू नये. तो सरकला नाही, पण खऱ्या बंटच्या वेळी मात्र सरकतो, तर बातमी आपल्या बॅटरच्या शरीरातून फुटते आहे. बंट करायचा असला की मुले बॉक्समध्ये पुढे सरकतात, वरचा हात बॅटवर आधीच सैल करतात किंवा थर्ड बेसमन किती पुढे आहे ते पाहून घेतात. त्यावर उपाय खुणांचा नव्हे, उभे राहण्याच्या सवयीचा आहे.

आठवी तपासणी: पद्धतच बदलावी का?

वरचे सगळे करूनही घोटाळा होत असेल तर मनगटी पट्ट्याचा विचार करावा. पट्ट्याच्या खिशात आकड्यांचा तक्ता असतो, कोच आकडा सांगतो आणि मूल तक्त्यात पाहून बंट की बॅट फिरवणे ते ठरवते. कॉलेजच्या संघांत आणि सॉफ्टबॉलमध्ये ही पद्धत चांगलीच रुळली आहे. तिला थोडा खर्च येतो, दर काही सामन्यांनी तक्ता बदलावा लागतो आणि आपल्या लीगच्या नियमांत ती बसते का हे आधी विचारावे लागते, म्हणून ती शेवटी ठेवली आहे. 2022 पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) पिचर आणि कॅचर यांच्यात बटणांच्या यंत्राने इशारे जाऊ लागले, पण बॅटरला आणि रनरला अजूनही कोचचे हातच सांगतात. 2023 मध्ये तेथे फेकीसाठी घड्याळ आले आणि घड्याळात 8 सेकंद उरेपर्यंत बॅटरने तयार असणे बंधनकारक झाले. त्यामुळे लांबलचक मालिकांना तेथेही जागा उरलेली नाही. मुलांच्या संघानेही मालिका पाच-सहा स्पर्शांतच संपवावी.

येथे थांबावे

काही गोष्टी कोचने दुरुस्त करू नयेत.

इशारा कळलेला आहे, पोच दिलेली आहे, आणि तरीही मूल ऐनवेळी बॅट मागे ओढते किंवा अंग चोरते, तर ती चेंडूची भीती आहे. बंट करताना चेहरा आणि बोटे चेंडूच्या अगदी जवळ येतात, त्यामुळे ही भीती अवास्तव नाही. अशा मुलाला सामन्यात बंट सांगणे थांबवावे, मऊ चेंडूवर बोटे बॅटच्या मागे ठेवण्याचा सराव करून घ्यावा, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर प्रशिक्षित बॅटिंग कोचकडे द्यावे. जाळीमागून पालक 'मार, मार' असे ओरडत असतील तर मूल दोन आज्ञांमध्ये अडकते. तेव्हा आधी पालकांशी, मुलाच्या गैरहजेरीत, बोलावे. बंट करताना बोटावर चेंडू लागला आणि बोट सुजले, वाकडे दिसू लागले किंवा सरळ होईना, तर मैदानावर ओढाताण न करता बर्फ लावून मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि आता ते शेवटचे लक्षण: एकाच मुलाकडून वारंवार चुकणे. पाण्याच्या सुट्टीतल्या परीक्षेत, दहा फुटांवरून, ते मूल सगळ्या मालिका बरोबर ओळखते आणि मैदानावर मात्र चुकते, तर दोष स्मरणाचा नाही. येथे सराव वाढवणे बंद करावे आणि पालकांना नेत्रतपासणी करून घ्यायला सांगावे. जवळून आणि दुरून सारखेच चुकत असेल, हाक मारली तरी उशिरा वळत असेल, सूचना अर्ध्यावर सुटत असतील, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. काय असेल याचा अंदाज कोचने बोलून दाखवू नये. जे दिसले तेवढेच सांगावे. इशारा घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बदलायचा असतो, ही गोष्ट या खेळात जुनी आहे. 1888 ते 1902 या काळात मेजर लीगमध्ये खेळलेले विल्यम हॉय यांना ऐकू येत नसे. अंपायरने पुकारलेला बॉल-स्ट्राइकचा कौल त्यांना थर्ड बेसवरचा त्यांचा कोच हाताने दाखवत असे.

आमच्या संघात असा एक अकरा वर्षांचा मुलगा होता. सरावात हुशार, सामन्यात सतत चुकणारा. वहीत त्याच्या नावापुढे 'पाहत होता, शेवटपर्यंत पाहत होता' असेच प्रत्येक वेळी लिहिलेले असे. एकदा मी त्याला बॉक्समध्ये उभे केले, माझ्या जागेवरून हाताची तीन बोटे दाखवली आणि किती ते विचारले. त्याने डोळे बारीक केले, थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, "कोच, तुमचा शर्ट पिवळा आहे एवढं दिसतंय." शाळेत तो पहिल्या बाकावर बसत असल्यामुळे कोणाच्याच हे लक्षात आले नव्हते. त्याच आठवड्यात त्याच्या आईने त्याचे डोळे तपासून घेतले आणि त्याला दूरचा चष्मा लागला.

चष्मा हातात येईपर्यंत मी त्याला बंट करायचा असेल तर तो ऑन-डेक वर्तुळात, म्हणजे पुढच्या बॅटरने थांबायच्या जागी, थांबलेला असतानाच जवळ जाऊन पहिल्या फेकीपुरते तोंडी सांगत असे, आणि त्यानंतरच्या फेकींना त्याच्यासाठी कोणताही इशारा नसे. नवा चष्मा खेळासाठीचा, न फुटणाऱ्या काचेचा आणि मागे पट्टा असलेला घ्यायला आम्ही सुचवले. चष्म्याच्या काड्यांमुळे जुने हेल्मेट कानांवर दाबू लागले होते आणि वेळ मागून ते वर सरकवण्यातच त्याची नजर माझ्यावरून हटत होती, म्हणून हेल्मेटही चष्मा घालून पुन्हा मापून घेतले.